दादाने सांगितलेले पथ्य

रत्नागिरी
मंगळवार, १९ ऑगस्ट १९८६

दादास,

वर 'तीर्थस्वरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' लिहिलेले नाही. ते विसरून नव्हे.

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. अकरा मेला अण्णा बागेच्या दगडी गडग्यावरून पडले. उजव्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले.

२. गावातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना पायाला वजन बांधून उताणे निजवून ठेवले. खाटेच्या पायथ्याखाली दोन चिरे. शस्त्रक्रिया केली नाही.

३. मला मिरजेला कळवले नाही. तू फोनवर आईला म्हणालास, "हेमाला कशाला? ती येऊन डॉक्टरांशी वाद घालील."

४. जूनच्या सुरुवातीला तू एस.टी.च्या पार्सलने पावडरचे सहा डबे पाठवलेस. तू ज्या कंपनीची औषधे डॉक्टरांना दाखवत हिंडतोस, तिचेच.

५. पावडर अमिनो आम्लांची. पडून राहणाऱ्या माणसाचे स्नायू झडू नयेत म्हणून. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, पाण्यातून.

६. आईने तुला विचारले, पथ्य काय? तू सांगितलेस: डाळ नाही, कडधान्य नाही, दूध, दही, ताक नाही. मऊ भात, तूप, मीठ.

७. आईने ते पाळले. दवाखान्यात डबा घरूनच जात होता. ती ते आजही पाळते आहे.

८. हाड जुळले. तीन ऑगस्टला अण्णांना घरी आणले.

९. अण्णांना उभे राहता येत नाही.

मी नऊ तारखेला आले. तेही शेजारच्या आप्पा करंदीकरांनी कार्ड टाकले म्हणून. 'तुझे वडील घरी आले आहेत, पण अर्धेच आले आहेत' एवढेच त्यांनी लिहिले होते. मला वाटले, आप्पांची नेहमीची थट्टा.

सहावा मुद्दा मला आल्या दिवशी कळला नाही. मी अण्णांच्या पानात वरण वाढायला गेले, तेव्हा आईने माझा हात धरला. अगदी घट्ट. म्हणाली, "अगो, मोडशील की! त्यांचं पथ्य आहे."

"कसलं पथ्य?"

"चिंतूच्या औषधाचं. आप्पांकडे फोन आला तेव्हा मी आधी तेच विचारलं त्याला. म्हटलं, बाबा रे, औषध पाठवलंस ते चांगलं केलंस, पण पथ्य काय? तो म्हणे, काही नाही. मी म्हटलं, असं कसं? पथ्यावाचून का औषध असतं? मग आठवून आठवून सांगितलंन बिचाऱ्याने."

आठवून आठवून. हे शब्द आईचे आहेत. तू काय आठवत होतास ते मला माहीत नाही. या पावडरला पथ्य नसते. डब्याच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात 'नेहमीच्या सकस आहारासोबत' असे छापले आहे, आणि तू ती चिठ्ठी माझ्याहून जास्त वेळा वाचली असशील. स्नायू ज्याचे बनतात तेच तू अण्णांच्या पानातून काढून घेतलेस, आणि तेच चमच्याने मोजून परत पाठवलेस.

दवाखान्याचे डॉक्टर रोज फेरीला येऊन सांगत होते, मांडी आवळा, पाच मोजा, सोडा. खाटेवर पडल्यापडल्या करण्याचा हा एकच व्यायाम असतो, आणि तो फार मोलाचा असतो. अण्णांनी तो केला नाही. मी विचारले तर म्हणाले, "हेमे, चिंतूची पावडर चालू होती ना? मग मी कशाला आवळू? पावडर आवळील."

दारावरून कोळीण आली तरी तिला ते हे ऐकवतात. मुलाने मुंबईहून नवा शोध पाठवला आहे, असे.

मी आईला सांगून पाहिले की हे पथ्य नको. ती म्हणाली, "ज्याने औषध दिलं त्यानेच पथ्य उतरवायचं. मध्येच मोडलं तर औषध उलटतं." मी डॉक्टरांना घरी बोलावले. तेही म्हणाले, काही पथ्य नाही. आई त्यांना म्हणाली, "तुमच्या गोळ्यांचं नसेल हो. हे औषध तुमचं नव्हे."

डॉक्टरांनी जाताना मला फाटकाशी सांगितले की दिवाळीपर्यंत अण्णा स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत, तर पुढे फारशी आशा धरू नका. गुडघे आखडत चालले आहेत. हे मलाही दिसत होते.

तेव्हा तू आईला लिही की पथ्य खरे नव्हते, आणि ते सोड. तुझ्या हस्ताक्षरात लिही. माझ्या तोंडून ती ऐकत नाही.

हेमलता

⁂

रत्नागिरी
गुरुवार, २८ ऑगस्ट १९८६

दादास,

तुझे पत्र काल मिळाले. चार पाने आहेत. त्यांतले पथ्याविषयी तीन ओळी.

तू लिहितोस: 'आई खनपटीलाच बसली, म्हणून तोंडाला येईल ते सांगितले. आपल्या लहानपणी गावातले वैद्य द्यायचे त्या काढ्यांचे पथ्य असायचे तसले. कोण अडीच महिने पाळील असे वाटले होते?'

आईच्या हाताखाली तू अठरा वर्षे जेवलास. आजोबांच्या दम्याला कोणी बिब्ब्याचे औषध दिले होते, तेव्हा तिने घरात वर्षभर हिंग आणला नव्हता, हे तुला आठवत नाही का? मला आठवते, आणि मी तुझ्याहून सात वर्षांनी लहान आहे.

तू पुढे लिहितोस: 'पण आता मध्येच बदल करू नका. आमचे मॅनेजर गणपतीनंतर रत्नागिरीच्या दौऱ्यावर आहेत, ते अण्णांना बघायला येतील. तोवर दुसरे काही सुरू केले तर गुण कशाने आला ते सांगता येणार नाही.'

हे वाक्य मी तीन वेळा वाचले. मला वाटले, माझ्या वाचण्यात चूक होत असेल. चूक नाही. तुला गुण आलेला हवा आहे, पण तो डाळीने आलेला नको आहे.

आता तू मागितलेल्या गोष्टी.

दोन्ही मांड्यांचे घेर मोजून पाठव म्हणतोस, आणि 'फरक थोडा असेल तर उत्तमच' असेही लिहिले आहेस. मी मोजले. फरक थोडाच आहे, दोन सेंटिमीटरही नाही. तुझ्या मॅनेजरांना तो आकडा फार आवडेल, म्हणून त्याचा अर्थही लिहिते. डावा पाय मोडलेला नव्हता, पण तोही तितकेच दिवस खाटेवर होता आणि त्यालाही तेच जेवण मिळत होते. तोही झडला आहे. दोन्ही होड्या बुडाल्या तर त्या एका पातळीत दिसणारच. पडण्याआधीचा घेर कोणी घेतलेला नाही, म्हणून नेमके किती झडले ते मी आकड्यात सांगू शकत नाही, आणि जे माहीत नाही ते सांगणार नाही. एवढेच सांगते: अण्णांना डाव्या पायावरही उभे राहता येत नाही. एक पाय मोडलेल्या माणसाचा चांगला पायही त्याला पेलत नसेल, तर दोष हाडाचा नसतो.

तुझ्या पावडरीत खोट आहे असे माझे म्हणणे नाही, माझ्या तोंडी ते घालू नकोस. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक. त्यांतल्या एकदोन घटकांनी स्नायूंची झीज कमी होते का, यावर परदेशात काम चालू आहे, आणि उद्या ते सिद्ध झाले तर मीच माझ्या रोग्यांना ती घ्यायला सांगेन. पण तुझ्या चार चमच्यांत पंधरा ग्रॅम माल असतो. भातातून आणखी तितकाच मिळत असेल. अण्णांच्या वजनाच्या माणसाला याच्या जवळजवळ दुप्पट लागतो, आणि हाड मोडलेले असताना त्याहून जास्त. शिवाय नुसत्या मालाने भागत नाही, स्नायूला काम लागते. आवारात चिरे आणून टाकले म्हणून गडगा उभा राहत नाही. अण्णांच्या बाबतीत चिरेही अर्धेच आले आणि गवंड्याला तूच घरी बसवलेस.

सहीविषयी. 'तुझी पदवी लावून दोन ओळी लिही की स्नायूंची झीज आटोक्यात राहिली. डॉक्टर लोक घरच्या माणसाच्या शब्दापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या शब्दाला मान देतात.'

माझा निकाल लागला त्या दिवशी तू जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "चला, घरात एक मालीशवाली झाली. आता नारळाच्या तेलाचा खर्च वाढणार." अण्णा ठसका लागेपर्यंत हसले होते. अजूनही माझ्या कामाला ते मालीशच म्हणतात. "तुझं मालीश राहू दे गो, पावडर दे," असे. मी कधीच कोणाला मालीश करीत नाही, पण ते असो. सही मिळणार नाही.

आईला यातले काही कळू देऊ नकोस, असे तू दोनदा लिहिले आहेस. मी तिला अजून सांगितलेले नाही. तुझ्यासाठी नव्हे. तो भात रोज तिने स्वतःच्या हाताने मऊ करून, तूप घालून, कालवून त्यांना भरवला आहे. दवाखान्यात डबा घेऊन जाताना ती पावसात एकदा पडली. उठली ती आधी डबा उघडून पाहायला. हे मला कामाला येणाऱ्या हौसाने सांगितले, ती सोबत होती. "आईंच्या ढोपरातना रगात व्हात व्हता, नि त्या बगतायत भात सांडला काय," असे म्हणून हौसा हसत होती. मी हसले नाही, म्हणून मग तीही थांबली.

कुसुमवहिनीने पत्राच्या समासात लिहिले आहे, 'वन्सं, ह्यांना तुमचं पत्र फार लागलं. दोन दिवस धड जेवले नाहीत.' वहिनीला सांग की ते काय जेवले नाहीत ते कळव. डाळ की भात?

माझ्या रजेची चौकशी केली आहेस. तिचे माझे मी पाहीन.

पत्रासोबत डब्यावरची चिठ्ठी पाठवत आहे. 'सकस आहारासोबत' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली आहे. आईला लिही.

हेमलता

ता. क. गणपतीला येणार नाहीस असे शेवटच्या पानावर लिहिले आहेस. ते मी आईला वाचून दाखवले नाही. तिने तेवढे पान स्वतः वाचले.

⁂

रत्नागिरी
मंगळवार, ९ सप्टेंबर १९८६

दादास,

तुझे उत्तर नाही. पार्सल आले. आणखी चार डबे. आत आईच्या नावाची चिठ्ठी होती, 'डोस दुप्पट करावा. बाकी आहे तसेच चालू ठेवावे.' आईने ती चिठ्ठी देवापुढे ठेवली.

म्हणून पुन्हा लिहिते. हे पत्र लांबवणार नाही.

अण्णांनी व्यायाम सुरू केला आहे. माझ्या सांगण्याने नव्हे. आप्पा ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "अण्णा, गेल्या वर्षी गणपती मूर्तींच्या शाळेतून तुम्ही स्वतः पाटावरून आणलात. यंदा तुम्हाला पाटावर घालून आणायचं की काय आम्ही?" त्यावर अण्णा त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "हेमे, ते आवळायचं कसं म्हणालीस?"

मी दाखवले. त्यांनी माझा हात मांडीवर ठेवू दिला. हाताखाली काय लागले ते तुला सांगून उपयोग नाही. ते मन लावून करतात. दात आवळतात, कपाळाला घाम येतो, आणि मांडी जेमतेम हलते. चारपाच वेळा झाले की थकून डोळे मिटतात. मी त्यांना थांबवते. उपाशी स्नायूकडून किती काम घ्यावे याची एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली तर आहे तेही जाते. म्हणजे माझ्या हातात जे आहे तेही मी पुरते करू शकत नाही.

लपवून देण्याचा विचार मी केला होता. भातात डाळीचे पाणी मिसळले तर कळणारही नाही. पण रोग्याला न सांगता काही देऊ नये, हे मी शिकले आहे. आणि अण्णांना कळले असते तर त्यांनी ताट सरकवले असते. तुझे पथ्य मोडलेले आईला चालेल एक वेळ, त्यांना चालणार नाही. शेजाऱ्यांकडची पोरे बाहेरगावी गेली की पत्रही टाकीत नाहीत, माझा मुलगा माझ्या जेवणाचा विचार करतो, असे ते म्हणतात. समोर मी बसलेली असते.

परवा, रविवारी, गणपती आले. मूर्ती आप्पांनी आणली. पूजा अण्णांनी खुर्चीत बसून सांगितली. आरतीच्या वेळी मात्र ते म्हणाले, मी उभा राहणार. आईने नको म्हटले. मी नको म्हटले नाही. मी डावीकडे उभी राहिले, त्यांच्या काखेखाली हात घातला, उजवा पाय टेकवू दिला नाही. चांगल्या पायावर ते उठले. टाळ हातात घेतले. पहिले कडवे संपायच्या आत त्यांचा गुडघा लटपटला, मग कमरेपासून सगळेच खाली आले. मी त्यांना अंगावर घेतले, त्यामुळे लागले नाही. टाळ घरंगळत मखराखाली गेले.

आरती थांबली. आप्पाच म्हणाले, "अहो अण्णा, बाप्पा दीड दिवस बसायला आलेत. यजमानाने उभं राहून त्यांना अवघडवू नये."

अण्णा सगळ्यांत आधी हसले. मग सगळे हसले. मी त्यांना खुर्चीत बसवले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "चिंतूला लिहू नकोस हो हे. त्याला वाटेल औषध लागू नाही पडलं."

मी लिहिते आहे.

दुपारी पाने वाढली. नैवेद्याच्या पानात वरण होते, अण्णांच्या पानात नव्हते. आईच्याही पानात नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आले. मी येऊन महिना झाला, आणि मी एकदाही तिच्या पानाकडे पाहिले नव्हते. मी विचारले तर म्हणाली, "ते खात नाहीत ते मी कशी खाऊ गो?" जूनपासून. तिचे हात बघ म्हणजे कळेल. पण तू येणार नाहीस, म्हणून सांगते: पाटल्या कोपरापर्यंत वर जातात.

जेवणे झाल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच मोदकांचे पात्र घासत होती. हौसा असताना. मी जवळ गेले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिंतूला पत्र लिहितेस ना तू? मला माहीत आहे लिहितेस. मग त्याला विचार, अजून काय सोडायचं. भात, तूप आणि मीठच राहिलंय. मीठ सोडू का विचार."

तेव्हाच सांगायचे होते, शब्द तोंडाशी आले होते. पथ्य बिथ्य काही नाही, आई, तुझ्या मुलाने तोंडाला येईल ते सांगितले आणि तू ते तीन महिने शिजवलेस. मग तिच्या हातांकडे पाहिले आणि ते पात्र तिच्याकडून काढून घेऊन मीच घासले.

म्हणून पहिल्या पत्रात जे मागितले होते ते आता मागत नाही. तू खरे लिहू नकोस. मला ते आता नको आहे. तुला तुझी चूक कबूल करायला लावण्याइतके दिवस अण्णांच्या पायांत उरलेले नाहीत.

एक पोस्टकार्ड घे आणि आईच्या नावाने हे लिही, यातला एक शब्दही कमीजास्त न करता:

'औषध पूर्ण झाले. पथ्य उतरले. आजपासून अण्णांना डाळ, दूध, दही सगळे द्यावे, आणि तूही घ्यावेस. हेमा सांगेल तो व्यायाम अण्णांनी करावा, तो औषधाचाच भाग आहे.'

शेवटचे वाक्य मला लिहिताना कसे वाटले असेल याचा विचार करू नकोस. त्यांना ते तुझ्याकडूनच पटेल, म्हणून लिहिले आहे.

अण्णा चालू लागले तर ते सगळ्या गावाला सांगतील की चिंतूच्या पावडरीने चालू लागलो. आईही तेच सांगेल. मी अडवणार नाही. तुझे मॅनेजर आले तर त्यांनाही ते खुशाल सांगू देत. माझी सही तेवढी मागू नकोस, ती तेव्हाही मिळणार नाही.

आणि कार्ड आले नाही, तर आईला सगळे मी सांगेन. मला ते करायचे नाही. पण करेन, हे तुला माहीत आहे.

मुंबईचे टपाल इथे तीन दिवसांत येते. कार्ड शनिवार, वीस सप्टेंबरपर्यंत आईच्या हातात पडावे. उत्तर पाठव.

हेमलता